ढलप्यांना रंग चढतो कसा?

अमेरिकेतल्या घरांची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. पुढे हिरवळ, एकदोन झाडे, भिंतीलगत फुलझाडांची रांग. अशा चित्रात झाडाच्या बुंध्याभोवती जरा निरखून पाहा. पुष्कळदा तिथे तांबडे, गडद तपकिरी, कधी चक्क काळे असे गोल आळे दिसते. ती माती नव्हे. त्या लाकडाच्या ढलप्या आहेत, आणि त्यांचा तो रंग कारखान्यात चढवलेला आहे.

ढलप्या पसरण्यामागचा हेतू आपल्या शेतकऱ्याला सांगावा लागणार नाही. ऊस तोडल्यावर सरीत पाचट आंथरतात, रोपांच्या बुडाशी पालापाचोळा घालतात, तोच हा प्रकार. आच्छादनामुळे जमिनीतली ओल टिकते, तण कमी उगवते आणि माती एकदम तापत नाही. यासाठी रंगाची काहीच गरज नाही. मग रंग कशासाठी?

याचे उत्तर उन्हात आहे. गावातल्या एखाद्या जुन्या, रंग न दिलेल्या दाराकडे पाहा. सावलीतली बाजू तपकिरी असते, उन्हाकडची करडी पडलेली असते. लाकडात मुख्यतः सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना जखडून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य असते. लाकडात त्याचा वाटा साधारण पाव हिस्सा. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण सेल्युलोज फारसे शोषत नाही, लिग्निन मात्र भरपूर शोषते आणि त्यात त्याचे रेणू तुटतात. तुटलेले तुकडे पावसात धुऊन जातात. मागे राहतात फिकट तंतू, आणि त्यांवर काळसर बुरशी वाढते. या दोहोंचे मिश्रण म्हणजेच तो करडा रंग. दाराला त्यासाठी वर्षे लागत असतील, पण उघड्यावर पसरलेल्या ढलप्या काही महिन्यांतच करड्या होतात.

दुसरे कारण व्यापाराचे आहे. ढलप्या काही नेहमी ताज्या झाडापासून करत नाहीत. माल रचण्याच्या लाकडी चौकटी, फुटकी खोकी, पाडलेल्या घरांचे लाकूड असे सगळे चक्कीत जाते. त्यातून निघणारा माल कुठे पिवळट, कुठे काळपट, कुठे मळका. एकसारखा रंग दिला की गिऱ्हाइकाला तो आवडतो. १९९० नंतर हा धंदा तिकडे खूप वाढला. या दुसऱ्या कारणाकडे आपल्याला शेवटी परत यायचे आहे.

आता जरा गणित करू. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा लाकडाचा ठोकळा घ्या. त्याला सहा बाजू, म्हणून रंगवायचे क्षेत्रफळ ६ चौरस मीटर. एका माणसाचे अर्ध्या तासाचे काम! आता त्याचे एक एक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा. तुकडे होतील १० लाख. प्रत्येकाचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एकूण ६० लाख चौरस सेंटिमीटर, अर्थात ६०० चौरस मीटर. लाकूड तेवढेच, पण पृष्ठभाग शंभरपट झाला. खऱ्या ढलप्या चपट्या आणि खरबरीत असतात, त्यामुळे हा आकडा याहून मोठाच भरेल.

या ६०० चौरस मीटरवर एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका जाड रंगाचा थर द्यायचा ठरवले, तर रंगद्रव्य किती लागेल? गुणाकार करून पाहा. उत्तर येते ०.६ लिटर. हे रंगद्रव्य पाण्याच्या पाचपट जड आहे असे धरले, तर सुमारे ३ किलो. पाचशे किलो लाकडाला तीन किलो रंग. हिशेब परवडणारा आहे. अडचण एवढीच, की हा थर दहा लाख तुकड्यांवर ब्रशावाचून कसा पसरवायचा?

त्यासाठी दोन पद्धती आहेत. पहिलीत लाकूड फोडणाऱ्या चक्कीतच रंग सोडतात. चक्कीत एक वजनदार ढोल वेगाने फिरतो. त्यावर बसवलेले पोलादी हातोडे लाकडाच्या चिंध्या करतात, आणि पुरेसे लहान झालेले तुकडे सभोवतालच्या जाळीतून बाहेर पडतात. या धुमश्चक्रीत रंगमिश्रित पाण्याचे फवारे मारले, की प्रत्येक तुकडा जन्मतःच रंगून निघतो. पाणी कमी लागते आणि धूळही बसते. दुसऱ्या पद्धतीत आधी तयार केलेल्या ढलप्या लांब पन्हाळीत किंवा फिरत्या पिंपात घालतात. आतला मोठा मळसूत्री दांडा त्यांना उलथवीत, रंगाच्या पाण्यात बुचकळीत पुढे ढकलतो. पाणी जास्त लागते, पण रंग एकसारखा बसतो.

'रंगाचे पाणी' म्हटले की डोळ्यांसमोर होळी येते. होळीचा रंग पाण्यात विरघळतो. त्याचे रेणू सुटे होऊन कापडाच्या तंतूंत शिरतात. अशा रंगांना रंजके म्हणतात. ढलप्यांसाठी मात्र बहुधा न विरघळणारी रंगद्रव्ये वापरतात. त्यांचे अर्ध्या-पाव मायक्रॉनचे घन कण पाण्यात नुसते तरंगत ठेवलेले असतात. तांबड्या, पिवळ्या आणि तपकिरी रंगासाठी लोखंडाची ऑक्साइडे, काळ्यासाठी काजळी. तांबडे ऑक्साइड म्हणजे आपला गेरू, तुळशीवृंदावनाला लावतात तोच, आणि ज्यावर वारली चित्रे काढतात तोही. काजळी म्हणजे मोटारीचे टायर काळे करणारा कार्बन.

गेरूच का? लोखंड गंजते म्हणजे ऑक्सिजनशी संयोग पावते. तांबड्या ऑक्साइडात हा संयोग पुरा झालेला असतो. जे गंजून संपले ते आणखी काय गंजणार? ऊन, पाऊस, हवा यांचा त्यावर परिणाम होत नाही. अजिंठ्याच्या भिंतींवरचा तांबडा रंग याच जातीचा आहे. शिवाय जांभळा, निळा आणि हिरवा प्रकाश हे द्रव्य इतक्या जोराने शोषते, की मायक्रॉनच्या लहानशा भागातच तो संपतो, तांबडा तेवढा परत येतो. एक मायक्रॉनचा थर पुरतो तो यामुळे. अतिनील किरणही त्यात अडतात, म्हणजे खालच्या लिग्निनला आयतीच छत्री मिळते. असे ऑक्साइड खाणीतून काढतात, तसेच मोडीच्या लोखंडापासूनही बनवतात. १९२५ साली जर्मनीतील बायर कंपनीच्या लॉक्स या रसायनज्ञाने तर ॲनिलीन तयार करताना उरणाऱ्या लोखंडाच्या गाळापासूनच उत्तम रंगद्रव्य मिळवून दाखवले.

पण न विरघळणारा कण ढलपीला धरून कसा राहतो? पंख्याचे पाते गरगर फिरत असूनही त्यावर धूळ साचते, हे तुम्ही पाहिले आहे. कण आणि पृष्ठभाग यांच्या रेणूंमध्ये क्षीण आकर्षण असते. हे आकर्षण कणाच्या व्यासाच्या प्रमाणात बदलते, वजन मात्र व्यासाच्या घनाच्या प्रमाणात. व्यास हजारपट कमी केला, तर आकर्षण हजारपट घटेल, पण वजन घटेल शंभर कोटीपट! म्हणजे वजनाच्या तुलनेत चिकटण्याची ताकद दहा लाखपट वाढली. खडा भिंतीला चिकटत नाही, त्याच खड्याची वस्त्रगाळ पूड चिकटते.

लाकडाची रचनाही मदत करते. ढलपी फोडताना लाकडातल्या बारीक नळ्या उघड्या पडतात. देवदारासारख्या झाडांत त्या सुमारे ३० मायक्रॉन रुंद असतात. कोरडी ढलपी केशाकर्षणाने पाणी ओढून घेते. पाणी नळीच्या भिंतीतही मुरते, कारण तिथली छिद्रे मिलिमीटरच्या काही लाखाव्या भागांएवढी असतात. रंगाचे कण त्यांतून जाऊ शकत नाहीत, ते बाहेरच अडकतात. म्हणजे ढलपी ही स्वतःच एक गाळणी ठरते. ताज्या ओल्या लाकडात नळ्या आधीच पाण्याने भरलेल्या, त्यामुळे ओढ नसते आणि रंग नीट बसत नाही. पुढे ढीग एकदोन दिवस वाळू द्यावा लागतो. पाणी आटताना पातळ होत जाणारी त्याची फीत कणांना लाकडावर आवळते. त्याआधी पाऊस आला, तर सारी मेहनत गटारात जाते.

हे तुम्हांला घरी करून पाहता येईल. सुताराकडून मूठभर कोरड्या ढलप्या आणा. गेरू कुटून पाण्यात ढवळा, मिनिटभर थांबा आणि वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. जाड कण खाली राहतील. या पाण्यात निम्म्या ढलप्या बुडवा, उरलेल्या हळदीच्या पाण्यात. दोन दिवस सावलीत वाळवा. मग दोन्हींतल्या काही ढलप्या उन्हात ठेवा, काही पेटीत. आठवड्याने शेजारी ठेवून पाहा. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात का फिका पडतो आणि गेरूचा का पडत नाही, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आता ते राहिलेले दुसरे कारण. रंग ढलपीचे मूळ रूप झाकतो, आणि सगळेच झाकावे असे नसते.

१९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन या भारतीय शास्त्रज्ञाने लाकूड टिकवण्याचे एक मिश्रण शोधले. त्यात क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक यांची संयुगे असतात. तांबे बुरशी मारते, आर्सेनिक वाळवी मारते आणि क्रोमियम त्या दोघांना लाकडाशी जखडून ठेवते. शोध उत्तम होता, खांब दशकानुदशके टिकू लागले. अमेरिकेत पुढे घरांचे सज्जे, कुंपणे, मुलांचे झोपाळेही अशा लाकडाचे झाले. आर्सेनिक हे विष असल्याने तिथल्या उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी हे लाकूड बनवणे थांबवले. पण आधी बसवलेले लाकूड आजही पाडकामातून निघते आहे. त्यावर तांब्याची हिरवट छटा असते, म्हणून फळी ओळखता येते. तिच्या ढलप्या करून तांबड्या रंगात घोळल्या, तर कोण ओळखणार? फ्लॉरिडातील विद्यापीठांच्या संशोधकांना विक्रीच्या ढलप्यांत असे लाकूड सापडले आहे.

इथे आपले आधीचे गणित पुन्हा आठवा. खांबात असताना पावसाला ६ चौरस मीटर पृष्ठभाग उघडा होता, ढलप्यांत तो ६०० झाला. आर्सेनिक पाझरण्याचा वेगही त्यामुळे पुष्कळच वाढतो, आणि ते उतरते थेट बागेच्या मातीत.

डोळ्यांना फसवणारा रंग क्ष-किरणांना फसवू शकत नाही. क्ष-किरण अणूच्या आतल्या कक्षेतील एखादा इलेक्ट्रॉन उडवून लावतात. रिकाम्या जागी बाहेरचा इलेक्ट्रॉन येतो आणि उरलेली ऊर्जा पुन्हा क्ष-किरण म्हणून बाहेर टाकतो. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते. तिचा अणुक्रमांकाशी असलेला संबंध मोझ्ले या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ साली दाखवला. क्रोमियमचे उत्तर ५.४ किलो इलेक्ट्रॉन-व्होल्ट, लोखंडाचे ६.४, तांब्याचे ८, आर्सेनिकचे १०.५. एक मायक्रॉनच्या गेरूतून आर्सेनिकचे किरण जवळजवळ सगळे पार येतात. सरकत्या पट्ट्यावरून जाणारी फळी अशा यंत्राने तपासून बाजूला काढण्याच्या चाचण्या फ्लॉरिडात झाल्या आहेत. हे यंत्र चक्कीच्या अलीकडे बसवायचे असते. पलीकडे गेल्यावर तीच फळी हजारो ढलप्या होऊन साऱ्या ढिगात मिसळलेली असते, आणि मग ढिगातून ती वेचून काढणे कोणालाच शक्य नसते.