नवं पोट, जुनं ताट – भाग ५ : वाटीएवढं पोट आणि वाढणारे हात

माझ्या वजन घटवण्याच्या ऑपरेशनला नऊ आठवडे झाले होते. नागपूरच्या महाल भागात नात्यातल्या एका बारशाची पंगत होती आणि मी बऱ्याच दिवसांनी पानावर बसले होते. वडाभात होता. आत्या फोडणीचं तेल घेऊन फिरत होत्या. माझ्यापाशी येऊन थबकल्या. "काहून वं, एवढूसा भात? घे ना अजून, कोण पाहून राह्यलं तुले?" नको म्हणायच्या आत भात वाढला गेला, वडा कुस्करला गेला, वरून तेलाची धार पडली.

तीन घास नीट गेले. चौथ्याला छातीच्या मधल्या हाडामागे कोणी मूठ दाबून धरावी तसं झालं. नाकातून पाणी आलं, तोंडात फेसासारखी लाळ भरली. मी उठून मोरीशी गेले. परत आले तेव्हा आत्यांचा चेहरा पडला होता. आपल्या हातचं तिला बाधलं, एवढंच त्यांना कळलं होतं.

मागच्या भागात स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणजे काय ते पाहिलं. जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. तिच्यात सुरुवातीला शंभर-दीडशे मिलिलिटर मावतं, म्हणजे आपली आमटीची एक वाटी. गॅस्ट्रिक बायपासमध्ये तर वरची पिशवी ३० मिलिलिटरच्या आसपासच असते. जुनं पोट फुगून जागा करून द्यायचं, ही नळी तसं करत नाही. भरली की भरली. आणि ती भरल्याची खूण पोटात कळत नाही, नाकात कळते. नाक वाहणं, शिंक येणं, उचकी लागणं, यातलं काहीही झालं की हातातला घास खाली ठेवायचा. मला हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण पंगतीत लक्षात राहिलं नाही.

आजचा भाग त्या वाढणाऱ्या हातांबद्दल लिहावासा वाटला. पोट तास-दीड तासात लहान होतं. घरातल्यांच्या हाताचा अंदाज बदलायला मात्र वर्ष लागतं. विदर्भात पाहुण्याला दुसऱ्यांदा न विचारणं हा अपमान समजतात. मी स्वतः तशीच वाढले आणि तसंच वाढत आले. त्यामुळे ऑपरेशनच्या आधी आहारतज्ज्ञांकडे जाताना सोबत नवऱ्याला न्या, सासूला न्या, घरात रांधणारं जे कोणी असेल त्याला न्याच. पेशंटने एकट्याने ऐकलेला सल्ला स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर अडतो.

पहिल्या दोन महिन्यांचं फार सांगत नाही, ते कागद प्रत्येक रुग्णालय देतं. आधी पाण्यासारखं पातळ, मग मुगाच्या वरणाची निवळ, ताक, दूध. मग घोटलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू नेहमीचं. खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. वाटीभरच खायचं आहे, तर त्या वाटीत काय?

उत्तर एकच, आधी प्रथिनं. दिवसाला किमान ६० ग्रॅम. ती कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि माणूस बारीक होण्याऐवजी खंगतो. मी वहीत हिशेब मांडला होता. दोन अंडी १२ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीर १८, दोन पेले दूध १२, वाटीभर घट्ट वरण ६, छोटी वाटी दही ५. बेरीज ५३. दिवसभर पाच-सहा वेळा मन लावून खाल्लं तरी साठाला सात कमीच. म्हणून प्रथिनांची पावडर देतात. ती जिममधल्या मुलांसाठी असते म्हणून आमच्याकडे आधी तिला नाकं मुरडली गेली. वहीतली बेरीज दाखवल्यावर कुणी बोललं नाही.

या हिशेबात आपलं नागपुरी स्वयंपाकघर मुळीच कच्चं नाही. पातळ चून घ्या. ३० ग्रॅम बेसनात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि मऊ असल्यामुळे ते सहज उतरतं. पाटोडीच्या रश्शातल्या पाटोड्या चालतात, रस्सा मात्र बिनतिखटाचा हवा. ज्वारीची आंबील सुरुवातीला मला फार मानवली. भाकरी नंतर वरणात कुस्करून जमली. गव्हाची मऊ पोळी मात्र बरेच महिने जमली नाही, कारण चावली की तिचा गोळा होतो आणि तो गोळा नळीत बसतो. भात आणि पोहे आत जाऊन फुगतात. तर्री पोह्यांचं सांगायचं तर पोहे फुगतात आणि तर्रीचं तेल-तिखट वर येतं. स्लीव्हनंतर आम्लपित्ताचा त्रास आधीच वाढतो, त्यात सावजी रस्सा म्हणजे रात्रभर बसून राहणं. मी वर्षभरानंतर तर्रीतले नुसते हरभरे चार-सहा चावून खाल्ले. तेवढ्यानं समाधान झालं, हे मलाच नवल वाटलं.

आणि संत्री. माझं ऑपरेशन ऐन आंबिया बहाराच्या तोंडावर झालं होतं. घरात टोपली भरलेली आणि मला सक्त ताकीद, की फोडीवरचा पापुद्रा पोटात जाता कामा नये. तो चावून बारीक होत नाही, त्याचा बोळा साचून अडकू शकतो. तिसऱ्या महिन्यात माझ्या सासूबाई दुपारी खिडकीशी बसून एकेक फोड सोलायच्या. नखानं पाठीवर चीर द्यायची, पांढरा दोरा ओढायचा, पापुद्रा दोन्हीकडून उलटा करायचा आणि आतला केशरी गर अख्खा वाटीत ठेवायचा. पाच फोडींना पंधरा मिनिटं लागायची. त्यांनाही आग्रह करायचाच होता, फक्त त्यांनी त्याची रीत बदलली होती.

गोडाचा धोका वेगळाच आहे. ही नळी पनीरला अडवते, अंड्याला अडवते, पण आइस्क्रीमला अडवत नाही. संत्रा बर्फी तोंडात विरघळते आणि सरळ खाली उतरते. बायपास झालेल्यांना त्याची शिक्षा लगेच मिळते, कारण साखर आतड्यात धाडकन पोचते आणि अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब सुरू होतात. याला डंपिंग म्हणतात. कधी दोनेक तासांनी रक्तातली साखर एकदम घसरून हातपाय थरथरतात. स्लीव्हवाल्यांना हे कमी होतं, आणि तिथेच माणूस फसतो. दिवसभर चिमूट चिमूट चिवडा, अर्धा पेढा, दोन चमचे आइस्क्रीम. पोट कधीच भरत नाही आणि दोन वर्षांनी काटा पुन्हा वर सरकायला लागतो.

नागपूरकरांना या बाबतीत नितीन गडकरींचं उदाहरण आठवतं. खाण्याची आवड त्यांनी कधी लपवली नाही. २०११ साली भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना त्यांनी मुंबईत वजन घटवण्याचं ऑपरेशन करून घेतलं. पुढे २०२२ मध्ये उज्जैनचे खासदार अनिल फिरोजिया यांना त्यांनी किलोमागे हजार कोटींच्या विकासनिधीचं आव्हान दिलं, तेव्हा आपलं वजन पूर्वी १३५ किलो होतं, आता ९३ आहे, असं सांगितल्याच्या बातम्या सगळीकडे आल्या. लोक त्यातले किलो मोजतात. मला त्यातली ११ वर्षं मोठी वाटतात. ते स्वतः प्राणायाम आणि शिस्तीबद्दल बोलतात, आणि ते मला पटतं.

पाण्याचं सांगायलाच हवं. जेवताना पाणी नाही, जेवणाआधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. गटागटा तर कधीच नाही. आणि तरी दिवसाला दीड ते दोन लिटर गेलं पाहिजे. मी औषधाच्या बाटलीचं ३० मिलिलिटरचं मापटं घेतलं होतं. दर पाव तासाला एक. जागेपणीच्या चौदा तासांत त्याचे सोळाशे ऐंशी मिलिलिटर होतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा हे मापटं विसरणं परवडत नाही. ऑपरेशननंतर पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं एक मोठं कारण म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं. हातात नेहमी पाण्याची बाटली हवी. सोडा नको, पन्ह्यात साखर नको.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. उलट्या काही दिवस थांबत नसतील तर "होतंच असं" म्हणून घरी बसू नका. शरीरात बी-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. तो संपला तर नसांना आणि मेंदूला इजा होते, आणि ती नेहमीच भरून येत नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी यांच्या गोळ्या तर जन्मभराच्या. आपल्यातल्या शाकाहारी मंडळींचं बी-१२ ऑपरेशनआधीच काठावर असतं.

आत्यांकडे मी चार महिन्यांनी पुन्हा गेले, या वेळी मुद्दाम, पंगत नसताना. सोबत माझी वाटी नेली आणि त्यांच्या ओट्यावर ठेवली. म्हटलं, "आत्या, माझं पोट एवढंच आहे. यात तुमच्या मनात येईल ते वाढा." त्यांनी वाटी उचलून उजेडात धरली, आत बोट फिरवून पाहिलं. मग घट्ट वरण घातलं, वर तुपाचा एक थेंब. आणि मी खात असताना समोर बसून राहिल्या. वीस मिनिटं लागली मला. त्या उठल्या नाहीत.

निघताना मात्र माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि दचकल्या. हातात केस आले होते. "हे काय वं झालं तुले?" तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात सगळ्यांना घाबरवणारी ही गोष्ट. ती का होते, किती दिवस टिकते आणि रक्ताच्या कोणत्या तपासण्या करून घ्यायच्या, ते पुढच्या आठवड्यात.