542 मतं

3 डिसेंबर 2023. आगमनकाळाचा पहिला रविवार. मिस्साला निम्मं लक्ष वेदीकडे, निम्मं खिशातल्या मोबाईलकडे, कारण त्याच दिवशी मध्य प्रदेशची मतमोजणी होती. बाहेर आल्यावर अंगणात एक काका म्हणाले, “मतदान वाढलंय, म्हणजे सरकार जाणार!” संध्याकाळपर्यंत 230 पैकी 163 जागा भाजपला मिळाल्या. सरकार जागच्या जागी.

काकांचं गणित कुठे चुकलं? राज्यात 1998 मध्ये सुमारे 60 टक्के मतदान झालं होतं. पुढे 2003 मध्ये 67, 2008 मध्ये 69, 2013 मध्ये 72, 2018 मध्ये 75 आणि 2023 मध्ये 77 टक्के. म्हणजे पाचही वेळा टक्का वाढला, पण निकालाने सत्ता बदलली ती फक्त 2003 आणि 2018 मध्ये. टक्का वाढला एवढ्यावरून लोक रागावलेत की खूश आहेत, हे कळत नाही. त्यापेक्षा कोण नव्याने रांगेत आलं ते बघावं. 2003 मध्ये पुरुषांच्या आणि बायकांच्या मतदानात नऊ-दहा टक्क्यांचं अंतर होतं, 2023 मध्ये ते दोनेक टक्क्यांवर आलं. लाडली बहना योजना त्याच निवडणुकीच्या वर्षी का आली, हे यावरून समजतं.

दुसरी गोष्ट : जास्त मतं म्हणजे जास्त जागा, असंही नाही. 2018 मध्ये भाजपला 41.02 टक्के मतं आणि 109 जागा, काँग्रेसला 40.89 टक्के मतं आणि 114 जागा. प्रत्येक मतदारसंघात जो एका मताने का होईना पुढे, तो जिंकतो. बाकीच्यांची मतं तिथंच संपतात.

आपलं बुऱ्हाणपूरच बघा. 2018 मध्ये अपक्ष सुरेंद्रसिंह ‘शेरा भैया’ यांनी अर्चना चिटणीस यांना सुमारे पाच हजार मतांनी हरवलं. 2023 मध्ये तेच शेरा काँग्रेसचं तिकीट घेऊन उभे राहिले आणि 31 हजारांहून जास्त मतांनी हरले. त्या वेळी भाजपचे बंडखोर हर्षवर्धनसिंह चौहान आणि एमआयएमचा उमेदवार, दोघांनीही तीस-तीस हजारांच्या वर मतं घेतली. जिंकलेल्या उमेदवारापेक्षा या तिघांची बेरीज जास्त होती. पण बेरजेला आमदारकी मिळत नाही.

आणि जुलै 2022 ची महापौर निवडणूक? भाजपच्या माधुरी पटेल फक्त 542 मतांनी जिंकल्या. एमआयएमला दहा हजारांवर मतं होती. ती नसती तर काय झालं असतं, ते कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण 542 माणसं एका मंगल कार्यालयात सहज मावतात, एवढं नक्की.

पहिलं मत मी 2023 मध्ये दिलं. पुण्यात शिकणारी माझी मैत्रीण आली नाही. “एका मताने काय होतं गं?” म्हणाली. खरंतर अडचण तिकिटाची आणि सुट्टीची होती, आणि विद्यार्थ्यांना टपाली मतदान नाही. पण शिकायला जिथे राहतो, तिथल्या यादीत नाव घालता येतं. नवीन नावासाठी फॉर्म 6, पत्ता बदलायला फॉर्म 8. आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. त्या दिवशी अठरा पूर्ण असले की झालं.

तिला मी हाच लेख पाठवणार आहे. उत्तर काय येतं बघू.