सात वर्षे आधीच!

केंद्र सरकारच्या नोकरीत २० वर्षे भरली, की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वखुशीने निवृत्त होता येते. मी ५३व्या वर्षी झालो. साठीपर्यंतचा पगार बुडाला, मोठ्या जागेचा बेत मोडला. सौभाग्यवतींनी हिशेब मांडून दाखवला, अन् तो बरोबरच होता! सकाळी बासरी वाजवतो. शेजारी सोशिक आहेत. दुपारी अंध विद्यार्थ्यांसाठी धडे उतरवतो. १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये सहा टिंबांच्या फेरफारात सारी मराठी मावते. पाटीवर मात्र उजवीकडून डावीकडे, उलट टोचावे लागते. कागद पालटला, की बोटांना सुलट लागते. पहिल्या पानाला अख्खी दुपार गेली. परवा एका मुलीने माझ्या हातचा धडा घडाघडा वाचला आणि विचारले, "काका, पुढचा कधी?"