टाय रॉड एंड घरी बदलताना

लक्षणे : खड्ड्यात खडखड, स्टिअरिंगला ढिलेपणा, पुढच्या टायरची एकच कड झिजणे.

तपासणी : पुढचे चाक जॅकवर उचला. घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी धरून हलवा. खडखडले तर संशय टाय रॉडवर. 12 आणि 6 च्या जागी हलले, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगवर.

खोलताना : गाडी स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. चेकनट किंचित सैल करून आट्यांवर रंगाची खूण करा. स्प्लिट पिन आणि नट काढून पुलरने सांधा सोडवा. हातोडीचा घाव चुकला तर रबरी बूट फाटतो. जुना एंड किती फेऱ्यांत सुटला ते मोजा, नवा तितक्याच फेऱ्यांत चढवा.

बसवताना : नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. खाच पिनच्या भोकासमोर आली नाही, तर आणखी थोडा आवळा. मागे फिरवू नका. पिन नवीच घाला, चेकनट घट्ट करा.

शेवटी : फेरे मोजले असले, तरी व्हील अलाइनमेंट करून घ्याच. टो थोडा बिघडला, तरी टायर अकाली झिजतात.