भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ : घरमालकाची लेखी जबाबदारी

पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावी घर भाड्याने देण्याचा व्यवहार बहुधा शब्दावरच होतो. बदलून आलेला शिक्षक वरची खोली घेतो, अनामत देतो. कागद झालाच तर मुद्रांकावर 'अकरा महिन्यांचा' करार होतो. नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने, मुदत कमी ठेवली की नोंदणी टळते, अशी समजूत यामागे आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० रोजी अंमलात आल्यापासून तिला आधार राहिलेला नाही.

तत्पूर्वी खानदेशाकरिता १९४७ चा मुंबई कायदा होता. विदर्भ व मराठवाड्याचे कायदे निराळे होते. मुंबई कायद्याने गोठविलेले प्रमाणित भाडे कालांतराने अवाजवी ठरले, असे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणी डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले. नव्या अधिनियमाने दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली. महागाईपुढे ती तुटपुंजीच आहे.

घरमालकाच्या दृष्टीने कलम ५५ सर्वांत महत्त्वाचे. भाड्याचा वा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. याहून गंभीर परिणाम पुराव्याचा आहे. नोंदलेला करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याविषयी भाडेकरूचे म्हणणेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. निवृत्तिवेतनाला दोन खोल्यांच्या भाड्याची जोड देणाऱ्या वृद्धास हे किती महागात पडेल, हे सांगावयास नको.

याउलट निवासासाठी रीतसर लिव्ह अँड लायसन्स करार असेल, तर मुदत संपल्यावर कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. जागा न सोडणाऱ्यास दुप्पट शुल्काइतकी नुकसानभरपाई द्यावी लागते. साध्या भाडेकरूविरुद्ध थकबाकीचा दावा मात्र लेखी नोटिशीनंतर ९० दिवस लोटल्याखेरीज दाखल होत नाही. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने थकबाकी १५ टक्के व्याज व खर्चासह भरली आणि पुढे नियमित भाडे दिले, तर बेदखलीचा हुकूमही होत नाही.

मात्र हा अधिनियम सर्वत्र सरसकट लागू नाही. आपले गाव त्याच्या अनुसूचीत येते किंवा कसे, हे प्रथम पाहावे. एरवी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागू होतो व मासिक भाडेदारीस १५ दिवसांची नोटीस पुरते. अधिनियम लागू असेल तेथे चिडून नळ वा वीज तोडण्याचा मार्ग कलम २९ ने बंद केला आहे.