आधी चौकोन, मग शहर : शिआनमधले चार दिवस

शिआनच्या नकाशावर आधी एक आडवा चौकोन शोधायचा. ती शहराची जुनी तटबंदी. पूर्व-पश्चिम सव्वाचार किलोमीटर, उत्तर-दक्षिण पावणेतीन. चार दिशांना चार मुख्य दरवाजे, त्यांतून आत येणारे चार सरळ रस्ते, आणि ते रस्ते मिळतात त्या चौकात घंटेचा मनोरा. आज शहराची वस्ती एक कोटीच्या वर आहे आणि ते तटाबाहेर चहूकडे पसरलंय. तरी हा चौकोन डोक्यात बसला की रस्ता चुकत नाही. पहिल्याच संध्याकाळी नवऱ्याने वहीत तो काढला आणि पुढचे चार दिवस आम्ही त्यातच खुणा भरत गेलो.

बीजिंगहून वेगवान गाडीनं यायला गाडीप्रमाणे साडेचार ते सहा तास लागतात. गाडी शिआन उत्तर स्थानकात येते, ते चौकोनाच्या बरंच वर आहे. तिथून मेट्रोची दोन नंबरची लाईन शहराच्या कण्यासारखी सरळ दक्षिणेला जाते. ‘चुंगलौ’ म्हणजे घंटेच्या मनोऱ्याचं स्टेशन, आणि त्याच्या पुढचं ‘युंगनिंगमन’ म्हणजे दक्षिण दरवाजा. मुक्काम या दोन स्टेशनांच्या मधे घ्यावा. मनोरा १३८४ सालचा आहे. त्याला हादरे बसू नयेत म्हणून मेट्रोचे बोगदे त्याच्या पायाखालून न नेता दोन्ही बाजूंनी वळसा घालून नेले आहेत. ज्या शहरात जमिनीखाली कुठेही खोदलं तरी काहीतरी सापडतं, तिथे हे करावंच लागतं.

आता थोडं कागदपत्रांचं. भारतीयांसाठी चीनचा पर्यटन व्हिसा पाच वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, पुन्हा सुरू झाला. एकदा आत आलात की पासपोर्ट हेच तुमचं तिकीट. रेल्वेचं आरक्षण पासपोर्टच्या नंबरावर होतं आणि फाटकावर पासपोर्टच दाखवायचा. संग्रहालयांचंही तसंच. त्यामुळे तो सॅकच्या तळाशी न ठेवता गळ्यात किंवा कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा. रस्त्यावरच्या भाजलेल्या रताळ्यापासून हॉटेलच्या बिलापर्यंत पैसे फोनवरून जातात. अलीपे किंवा वीचॅटला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड घरूनच जोडून घ्यावं. जोडप्यांसाठी मुद्दाम सांगते : दोघांच्या फोनवर सगळं वेगवेगळं चालू करा. मेट्रोच्या फाटकावर एका कोडवर एकच माणूस आत जातो. पहिल्या स्टेशनवर मी आत आणि नवरा बाहेर, अशी पंधरा मिनिटं गेली. गूगल आणि व्हॉट्सॅप तिथल्या इंटरनेटवर चालत नाहीत. भारतीय सिमचं रोमिंग घेतलं तर चालतात. नकाशा मात्र तिथलाच वापरावा.

आणि पाणी. गाडीत, स्टेशनात, हॉस्टेलच्या जिन्यापाशी, सगळीकडे उकळत्या पाण्याचा नळ असतो. चिनी माणसं दिवसभर गरम पाणी पितात. थर्मास बरोबर असला की आपला चहा होतो. घरून भाजून, फोडणी घालून नेलेल्या रव्याचा उपमाही होतो.

पहिला दिवस तटाचा. नोव्हेंबरात सूर्य सातनंतर उगवतो, म्हणून घाई नव्हती. दक्षिण दरवाज्याशी ५४ युआनचं तिकीट काढून वर चढलो. एक युआन म्हणजे साधारण बारा रुपये. वर पोचल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती रुंदी. तट १२ मीटर उंच, माथ्यावर १२ ते १४ मीटर रुंद आणि बुडाशी त्याहून जाड आहे. ही भिंत १३७० ते १३७८ मध्ये मिंग राजवटीत उभी राहिली, तांग काळातल्या राजनगरीच्या पायावर. आत चोपून घट्ट केलेली माती, वरून विटांचं कवच. पूर्ण फेरी पावणेचौदा किलोमीटरची. भाड्याची सायकल घेतली आणि थांबत थांबत दोन तासांत फेरी पुरी केली. विटा उंचसखल आहेत, हाताला हादरे बसतात, तरी चालत जाण्यापेक्षा सायकल बरी. चालताना कंटाळा येतो तो नेमका उत्तरेच्या बाजूला, जिथे बघण्यासारखं कमी आहे.

सायकलवरून एक गोष्ट आपोआप कळते. ठरावीक अंतराने तट बाहेरच्या बाजूला चौकोनी पुढे येतो. हे बुरूज ९८ आहेत आणि दोन बुरुजांमधलं अंतर १२० मीटर. म्हणजे शत्रू भिंतीला येऊन भिडला तरी कुठल्या तरी बुरुजापासून तो ६० मीटरच्या आतच असतो. तेवढा टप्पा त्या काळच्या बाणाचा. दोन्ही बाजूंच्या बुरुजांवरून त्याच्या कुशीत बाण मारता येतात, तटावरून वाकून खाली बघायची गरज पडत नाही. दरवाज्यांचीही युक्ती वेगळी आहे. आपल्या गडांवर गोमुखी बांधणीत वाट वळवून शत्रूला कोंडीत आणतात. इथे वाट सरळ आहे, पण दोन दरवाज्यांच्या मधे उंच भिंतींचं अंगण आहे. बाहेरचा दरवाजा मोडून आत आलेला शत्रू त्या अंगणात अडकतो आणि चारही बाजूंनी वरून मारा होतो. चिनी भाषेत या अंगणाला रांजणाचं नाव आहे. दक्षिण दरवाज्यावर वरून खाली बघितलं की ते नाव पटतं.

तट उतरून संध्याकाळी घंटेच्या मनोऱ्यापासून नगाऱ्याच्या मनोऱ्याकडे निघालो. पहाटे घंटा, रात्री नगारा, असा या जोडीचा जुना क्रम होता. नगाऱ्याच्या मनोऱ्याखालून पलीकडे गेलं की हुई मुसलमानांची वस्ती सुरू होते. रेशीममार्गाने आलेल्या व्यापाऱ्यांचे हे वंशज, आणि आजही मोहल्ल्यातलं खाणं त्यांचंच. डुक्कर टाळणाऱ्यांनी इथे निर्धास्त खावं. मुख्य रस्त्यावर फार गर्दी असते. मी म्हणेन, पाच मिनिटांत ती ओलांडून मागच्या गल्ल्यांत शिरा आणि तिथून मोठ्या मशिदीत जा. परंपरा तिची स्थापना इ.स. ७४२ मधली सांगते, आजच्या इमारती मुख्यतः मिंग काळापासूनच्या. घुमट नाही, मिनार नाही. एकामागून एक अंगणं, निळसर कौलांची छपरं आणि मिनाराच्या जागी अष्टकोनी लाकडी मंडप. प्रार्थनागृहात फक्त मुसलमानांना जाता येतं, पण उघड्या दारांतून आतलं कोरीव लाकूड दिसतं.

इथलं नाव काढण्याजोगं जेवण म्हणजे ‘यांगरौ पाओमो’. आधी रिकामा वाडगा आणि कडक, चपट्या भाकऱ्या समोर येतात. त्या आपल्या हाताने कुस्करायच्या, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या बारीक. मोठे तुकडे राहिले तर रस्सा आत मुरत नाही. मग वाडगा नंबराच्या बिल्ल्यासकट मुदपाकखान्यात जातो. तिथे आचारी मटणाचा रस्सा, मांस आणि काचेसारख्या शेवया घालून शिजवतो, आणि बिल्ल्यामुळे आपला वाडगा आपल्यालाच परत मिळतो. सोबत गोडसर मुरवलेला लसूण असतो. नवरा कुस्करताना म्हणाला, “अगं, हे तर आपल्या काल्यासारखंच आहे.” मी शाकाहारी, म्हणून मी ‘ल्यांगपी’ घेतलं : गार, रुंद शेवया, व्हिनेगर, तिखटाचं तेल, काकडी. मांस नको हे सांगायला ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी जेवते, एवढं पाठ करावं. नंतर तळलेल्या तांबड्या फळाच्या पुऱ्या खाल्ल्या, टेंभुर्णीच्या जातीच्या त्या फळाचा हंगाम शरदात असतो.

दुसरा दिवस मातीच्या सैन्याचा. ते शहरापासून पूर्वेला पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, लिनथुंगजवळ आहे. मेट्रोची एक नंबरची लाईन पूर्वेला ‘फांगच्रछंग’पर्यंत, तिथून नऊ नंबरची ‘ह्वाछिंगछ्र’पर्यंत, आणि शेवटचा टप्पा सरकारी बसने. स्टेशनाबाहेर खासगी गाड्यांचे लोक हाका मारत असतात, त्यांच्याकडे लक्ष न देता बसच्या थांब्यावर जावं. तिकीट १२० युआन, आधी आरक्षण केलेलं बरं.

मार्च १९७४ मध्ये दुष्काळात विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना इथे भाजलेल्या मातीचे तुकडे लागले. पुढे तीन खंदक सापडले, त्यांत अंदाजे ८,००० सैनिक. पश्चिमेला दीडेक किलोमीटरवर सम्राट छिन शी ह्वांगची टेकडीएवढी समाधी आहे. त्याने इ.स.पू. २२१ मध्ये चीन एका सत्तेखाली आणला आणि इ.स.पू. २१० मध्ये तो वारला. ती समाधी अजून उघडलेली नाही.

बहुतेक जण आल्याबरोबर पहिल्या खंदकाच्या प्रचंड छपराखाली शिरतात. आम्ही दुसऱ्यापासून सुरुवात केली आणि तेच मी सगळ्यांना सांगेन. कारण दुसरा खंदक बराचसा न उकरलेला आहे. जमीन लाटांसारखी खालीवर दिसते. त्या लाटा म्हणजे कोसळलेलं छत. मूळ बांधणी अशी होती : चोपलेल्या मातीच्या आडव्या भिंती, त्यांच्यामधे बोळ, बोळांत सैनिक, वर ओंडके, ओंडक्यांवर चटया आणि त्यावर माती. आग लागली, ओंडके जळून खचले, वरची माती सैनिकांच्या डोक्यांवर आली. म्हणून जवळजवळ प्रत्येक पुतळा तुकड्यांत सापडतो आणि एकेक जोडायला महिने लागतात. हे समजून पहिल्या खंदकात गेलं की समोर उभ्या असलेल्या रांगा आपल्याला हातांनी परत जोडलेल्या दिसतात. तो खंदक २३० मीटर लांब, ६२ मीटर रुंद आहे. पुढे तीन रांगांची आघाडी, मागे अकरा बोळ, बहुतेकांचं तोंड पूर्वेला. मागच्या टोकाला पुतळे दुरुस्त होत असतात : कुणाला डोकं नाही, कुणाला पट्ट्यांनी आवळून धरलंय. गर्दी पुढच्या कठड्याशी असते, इथे शांतपणे उभं राहता येतं.

पाय भरीव, धड मातीच्या वळ्या एकावर एक चढवून पोकळ केलेलं, डोकं वेगळं. साचा चेहऱ्याला होता, पण कान, मिशा, केसांची बांधणी नंतर हातांनी घडवली. कुंभाराकडे माठाला वळी चढवताना पाहिलं असेल तर धडाची रीत लगेच कळते. कारागिरांची नावं काही पुतळ्यांवर ठशांनी उमटवलेली आहेत, चूक झाली तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. मला ती नावं सम्राटाच्या नावापेक्षा जवळची वाटली. पुतळे रंगवलेले होते. रंगाखाली झाडाच्या चिकाचा लेप होता. दोन हजार वर्षं तो ओल्या मातीत टिकला, पण कोरडी हवा लागताच काही मिनिटांत आक्रसून सुटतो आणि रंग घेऊन गळतो. म्हणूनच उरलेला भाग उकरायची घाई केली जात नाही.

तिसरा दिवस हलका ठेवला. दक्षिण दरवाज्याच्या आत, तटाला लागूनच शिलालेखांचं ‘अरण्य’ आहे, १०८७ पासून जपलेलं. ८३७ साली कन्फ्यूशियसच्या परंपरेतले ग्रंथ ११४ शिळांवर दोन्ही बाजूंनी कोरले. नकलेत चुका शिरू नयेत म्हणून ही मूळ प्रत : कुणीही यावं, शिळेवर ओला पातळ कागद बसवावा, मऊ कुंचल्याने अक्षरांच्या खाचांत ठोकावा, वरून शाईची पुरचुंडी हलकेच आपटावी. अक्षरं पांढरी, बाकी काळं. आपल्याकडचे शिलालेखांचे अभ्यासकही ठसा असाच घेतात. दुपारी छोट्या हंस पॅगोड्यापाशी गेलो. १५५६ च्या महाभूकंपात त्याचे वरचे दोन मजले पडले, आणि दुरुस्ती करताना ते मुद्दाम परत बांधले नाहीत. प्रांताच्या इतिहास संग्रहालयाचं आरक्षण मात्र उघडल्याबरोबर करून ठेवावं, जागा लगेच भरतात.

चौथा दिवस मी स्वतःसाठी राखला होता. चौकोनाच्या दक्षिणेला, तटापासून चार किलोमीटरवर मोठा हंस पॅगोडा आहे. मेट्रोच्या तीन आणि चार नंबरच्या लाईनी तिथे मिळतात, स्टेशनचं नाव ‘तायानथा’. आपण शाळेत ज्याला ह्युएन त्संग म्हणून शिकलो, त्याचा हा मनोरा. परवानगी नसताना तो याच शहरातून निघाला, सोळा-सतरा वर्षांनी, ६४५ साली परतला, बरोबर २० घोड्यांवर ६५७ ग्रंथ. ते आगीपासून सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ मध्ये विटांचा मनोरा बांधायला घेतला. विटांच्या टोपल्या त्याने स्वतः वाहिल्या, अशी त्याच्या चरित्रात नोंद आहे. तो मनोरा पाच मजली होता. ७०१ ते ७०४ मध्ये तो नव्याने उभा केला, आज सात मजले आणि सुमारे ६४ मीटर. किंचित कलला आहे, लांबून बघितलं तर दिसतं.

मंदिराच्या आवाराचं तिकीट वेगळं, वर चढायचं वेगळं. दोन्ही घ्या. लाकडी जिना भिंतीला धरून वर जातो आणि प्रत्येक मजल्यावर चार दिशांना चार कमानी आहेत.

६४१ च्या सुमारास हा माणूस महाराष्ट्रात आला होता. प्रदेशाचं नाव त्याने चिनी अक्षरांत ‘मोहोलाछा’ असं लिहून ठेवलं. राजा दुसरा पुलकेशी. इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमानाचा सूड घेतात, पण शत्रूला आधी सूचना देऊन मगच चाल करतात, असं त्याचं निरीक्षण. पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या कोरीव विहाराचं, भिंतींवरच्या बुद्धकथांचं आणि दाराशी असलेल्या दगडी हत्तींचंही वर्णन त्याने केलं. विहार अचल नावाच्या अर्हताने उभारल्याचं तो सांगतो, आणि अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातल्या लेखात स्थविर अचलाचं नाव आहे. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी ते हत्ती आजही आहेत.

परतल्यावरची एकोणीस वर्षं त्याने भाषांतरात घालवली : ७५ ग्रंथ, १,३३५ खंड. त्यांतल्या कित्येकांची संस्कृत मुळं आपल्याकडे नष्ट झाली, चिनी भाषांतरं राहिली. सातव्या मजल्यावर आम्ही पश्चिमेच्या कमानीशी उभे राहिलो. खाली सरळ रस्ता होता आणि त्याच्या टोकाला धुरकट हवा. नवऱ्याने वही काढली, चौकोनाच्या खाली, दक्षिणेला, एक ठिपका दिला आणि त्यावर ‘अजिंठा’ असं लिहिलं.