पायावर जांभळे पुरळ अन् डोळा लाल? अंगावर काढू नका

आदिलाबाद : पायावर लाल-जांभळे पुरळ, बोटाने दाबले तरी रंग जात नाही, त्यातच डोळा लाल होऊन ठणकतो. अशा वेळी ‘डोळे आले असतील’ म्हणून गप्प बसू नका. ‘व्हॅस्क्युलायटिस’ या आजारात रक्तवाहिन्यांना सूज येते. सगळ्यांनाच नाही, पण काहींना त्वचेबरोबर डोळ्यातल्या वाहिन्याही सुजतात. खोल ठणका, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे ही धोक्याची खूण. उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते.

मेडिकलवरून स्टेरॉइडचे थेंब आणून मनानेच टाकू नका. डोळ्यातला दाब वाढतो. डॉक्टरांना डोळ्यासोबत पायही दाखवा. मूत्रपिंडालाही धोका असल्याने रक्त-लघवी तपासून घ्या. आदिलाबादला रिम्स आहे, मुधोळला एल. व्ही. प्रसाद संस्थेचे नेत्रकेंद्र १९९६ पासून आहे.